सुवर्ण, नाग, पारद : धातूंचा आकाशातील जन्म

रसशाळेच्या फडताळावर सुवर्ण भस्म, रौप्य भस्म, ताम्र भस्म, लोह भस्म, यशद भस्म, वंग भस्म, नाग भस्म अशा बरण्या ओळीने मांडलेल्या असतात. त्यांतील धातू कोणाकडून घेतला, त्याचे शोधन कसे झाले, पुटे किती दिली, याची विचारपूस आपण करतो आणि ती करावयासच हवी. खाणीत येण्यापूर्वी तो धातू कोठे होता, हा प्रश्न मात्र आपल्या व्यवसायात सहसा कोणी विचारीत नाही. तो खगोलशास्त्रज्ञांचा विषय, वैद्याचा त्याच्याशी काय संबंध, असे वाटणे स्वाभाविक आहे.

परंतु संबंध आहे आणि तो निकटचा आहे. वैद्यसंमेलनांत, औषधी निर्मात्यांच्या बैठकांत, क्वचित रुग्णांसमोरही एक वाक्य आमच्या कानी वारंवार पडते : ‘मारणानंतर नाग हा नाग राहतच नाही.’ या वाक्यात सत्य किती आणि भाबडेपणा किती, हे ठरवावयाचे तर शिसे म्हणजे काय आणि ते कोणत्या अग्नीत घडले, हे जाणून घेणे आवश्यक ठरते. तो अग्नी पृथ्वीवर कधीच नव्हता.

कोणत्याही मूलद्रव्याची ओळख त्याच्या अणुकेंद्रातील प्रोटॉनांच्या संख्येवरून ठरते. २६ प्रोटॉन म्हणजे लोह, २९ ताम्र, ३० यशद, ४७ रौप्य, ५० वंग, ७९ सुवर्ण, ८० पारद, ८२ नाग. सुवर्ण आणि पारद यांत अंतर केवळ एका प्रोटॉनाचे आहे, हे वाचून लोहवेधाच्या ग्रंथोक्त कल्पनेची आठवण होणारच. तिच्याकडे पुढे येऊ. तूर्त एवढे लक्षात घ्यावे की, आपण औषधनिर्मितीत जो अग्नी वापरतो तो अणुकेंद्रापर्यंत पोहोचत नाही. तो अणूच्या बाहेरील इलेक्ट्रॉनांची देवघेव घडवितो. त्यामुळे धातूचे ऑक्साइड होते, सल्फाइड होते, वर्ण, गुरुत्व, स्पर्श, विद्राव्यता सारे बदलते. गजपुटाच्या सुमारे हजार अंश सेल्सियस उष्णतेत एका कणाच्या वाट्यास येणारी ऊर्जा आणि अणुकेंद्रातील एका कणास जखडून ठेवणारी ऊर्जा यांत काही कोटी पटींची तफावत आहे. पुटांची संख्या शंभरावरून हजारावर नेली तरी ही तफावत भरून निघत नाही, कारण प्रत्येक पुटात तापमान पुन्हा तेवढेच असते.

मग अणुकेंद्रे घडली कोठे? विश्वाच्या आरंभी, म्हणजे सुमारे १३८० कोटी वर्षांपूर्वी, पहिल्या काही मिनिटांत हायड्रोजन व हेलियम आणि अत्यल्प लिथियम एवढेच निर्माण झाले. त्यानंतर विश्व इतक्या वेगाने विस्तारले आणि निवाले की पुढील पाक होऊ शकला नाही. आजही सूर्याच्या वस्तुमानात सुमारे ९८ टक्के भाग हायड्रोजन व हेलियम यांचाच आहे आणि उरलेल्या दोन टक्क्यांत बाकीची सर्व मूलद्रव्ये येतात. खगोलशास्त्रज्ञांची एक सवय येथे सांगण्याजोगी आहे. हेलियमपेक्षा जड ते सर्व त्यांच्या भाषेत ‘धातू’! प्राणवायूही धातू, कर्बही धातू, गंधकही धातू. आपल्या ग्रंथकारांनी महारस, उपरस, साधारण रस, लोह, रत्न असे वर्गीकरण करताना जेवढा सायास घेतला, त्याच्या शतांशही येथे घेतलेला दिसत नाही.

मूलद्रव्ये ताऱ्यांत घडतात, हा विचार सर्वांगाने प्रथम मांडला गेला तो १९५७ साली. मार्गारेट बर्बिज, जेफ्री बर्बिज, विल्यम फाउलर व फ्रेड हॉइल या चौघांनी त्या वर्षी एक विस्तृत निबंध प्रसिद्ध केला, आणि ॲलिस्टर कॅमेरॉन यांनीही स्वतंत्रपणे त्याच वर्षी तीच दिशा दाखविली. फाउलर यांना १९८३ चे नोबेल पारितोषिक मिळाले आणि ते त्यांनी आपल्या सुब्रह्मण्यन् चंद्रशेखर यांच्यासमवेत वाटून घेतले. हॉइल हे नाव मराठी वाचकांस परके नाही. कोल्हापुरात जन्मलेले आणि १९८८ साली पुण्यात ‘आयुका’ उभारणारे डॉ. जयंत नारळीकर हे केंब्रिजमध्ये हॉइल यांचेच विद्यार्थी होते. २० मे २०२५ रोजी नारळीकरांचे निधन झाले. गंमत अशी की, हॉइल यांना विश्वाचा महास्फोटातून आरंभ हा सिद्धांतच मान्य नव्हता. आरंभीचा स्फोट नाही म्हटल्यावर मूलद्रव्ये कोठेतरी शिजली पाहिजेत, म्हणून त्यांनी ताऱ्यांच्या गर्भाकडे मोर्चा वळविला. महास्फोटाविषयीचा त्यांचा आक्षेप टिकला नाही, परंतु त्यातून झालेला शोध मात्र चिरस्थायी ठरला.

सूर्याच्या गर्भात तापमान सुमारे दीड कोटी अंश आहे. एवढ्या अग्नीतही केवळ हायड्रोजनाचे हेलियम होते, पुढे काही नाही. हेलियमापासून कर्ब होण्यास दहा कोटी अंशांची आवश्यकता असते. सूर्याच्या पंचवीसपट वस्तुमानाचा तारा घेतला, तर त्याच्या पाकक्रियेचा काल पाहण्याजोगा आहे. हायड्रोजनाचे ज्वलन सुमारे सत्तर लाख वर्षे चालते, हेलियमाचे काही लाख वर्षे, कर्बाचे काही शतके, प्राणवायूचे काही महिने आणि शेवटी सुमारे तीनशे कोटी अंशांना होणारे सिलिकॉनाचे ज्वलन केवळ एखादा दिवस. आपला गंधक, अभ्रकातील सिलिकॉन व ॲल्युमिनियम, शंख, शौक्तिक आणि मौक्तिक यांतील कॅल्शियम हे मुख्यतः अशा मोठ्या ताऱ्यांच्या थरांतून आलेले आहे. ताम्र व यशद यांचाही मोठा वाटा मोठ्या ताऱ्यांचाच.

लोहापाशी हा क्रम थांबतो. लोहाच्या आसपासच्या अणुकेंद्रांची जखडण सर्वांत घट्ट असते. तोवर प्रत्येक जोडणीतून ऊर्जा मिळत होती, येथून पुढे जोडणी करावयाची तर ऊर्जा पदरची घालावी लागते. इंधन संपलेला गर्भ स्वतःच्या भाराने क्षणार्धात कोसळतो आणि ताऱ्याचे बाह्य थर उधळले जातात. यालाच अतिनवतारा म्हणतात. दुसऱ्या प्रकारचा अतिनवतारा श्वेत बटू ताऱ्याच्या स्फोटाने होतो, आणि आकाशगंगेतील आजच्या लोहाचा निम्मा किंवा त्याहून अधिक भाग या दुसऱ्या प्रकाराचा समजला जातो. स्फोटात लोह प्रथम लोहरूपाने जन्मत नाही. निकेल जन्मते, त्याचे सहा दिवसांच्या अर्धायुष्याने कोबाल्ट होते, आणि कोबाल्टाचे ७७ दिवसांच्या अर्धायुष्याने लोह. फेब्रुवारी १९८७ मध्ये सुमारे एक लाख साठ हजार प्रकाशवर्षांवरील मोठ्या मॅजेलन मेघात जो अतिनवतारा दिसला, त्याचे तेज पुढे अनेक महिने नेमके या ७७ दिवसांच्या मापानेच मंदावत गेले. पांडुरोगात आपण जे लोह भस्म देतो, त्यातील लोहाचा जन्म असा आहे. रुग्णाच्या रक्तातील लोहाचाही तोच.

लोहापुढील मूलद्रव्यांची कथा निराळी, आणि रसशास्त्राच्या दृष्टीने अधिक रोचक. अणुकेंद्रावर धन विद्युत्भार असतो. केंद्र जितके जड तितका तो अधिक, म्हणून दुसरे धनभारित केंद्र जवळ येऊ शकत नाही. न्यूट्रॉनास मात्र भारच नसल्याने तो सहज आत शिरतो. आत गेलेल्या न्यूट्रॉनाचे कालांतराने प्रोटॉनात रूपांतर झाले की मूलद्रव्य एक पायरी वर चढते. या आरोहणाच्या दोन वाटा आहेत, एक मंद व एक शीघ्र.

मंद वाट सूर्याच्या एक ते काही पट वस्तुमानाच्या ताऱ्यांत, त्यांच्या वार्धक्यात, ते तांबडे व प्रचंड फुगलेले असताना चालते. ताऱ्यात आधीपासून असलेले लोह हे बीज. ते एक न्यूट्रॉन घेते. पुढचा न्यूट्रॉन मिळेपर्यंत वर्षे, प्रसंगी शतके जातात, आणि तोवर अस्थिर केंद्रास स्थिर होण्यास पुरेसा अवधी मिळतो. असे सहस्रावधी वर्षे चालते. अभ्रकास शतपुटे, सहस्रपुटे देणाऱ्या रसवैद्यास या धिम्या गतीचे नवल वाटू नये. तथापि साम्य गतीपुरतेच आहे. तारा बीजाचे मूलद्रव्यच पालटतो, तसे आपले पुट करीत नाही. या वाटेने वंगाचा निम्म्याहून अधिक भाग, पारदाचा सुमारे निम्मा आणि नागाचा बहुतांश भाग घडतो. नागाचे प्रमाण अधिक असण्याचे कारणही उमजण्याजोगे आहे. मंद वाट नाग आणि त्यालगतचे बिस्मथ येथे संपते. त्यापुढे पाऊल टाकले की केंद्र फुटून पुन्हा नागाकडेच परतते. रस्ता जेथे संपतो तेथे गर्दी साचावी, तसे शिसे साचते.

हे सारे कागदावरचे गणित नव्हे, याचा पुरावा निबंधाच्या पाच वर्षे आधीच मिळालेला होता. १९५२ साली पॉल मेरिल यांना काही तांबड्या ताऱ्यांच्या वर्णपटात टेक्नेशियमाच्या रेषा आढळल्या. टेक्नेशियमाचा एकही प्रकार स्थिर नाही. त्यातील सर्वांत दीर्घायुषी प्रकाराचेही अर्धायुष्य सुमारे ४२ लाख वर्षे. ते तारे तर त्याहून कितीतरी वृद्ध. अर्थात हे मूलद्रव्य त्या ताऱ्यांनी जन्मतः आणलेले असणे शक्य नव्हते, ते तेथे नव्यानेच घडत होते. ताऱ्यांच्या वर्णपटातील रेषा वाचण्याची गुरुकिल्ली १९२० साली आपल्याच मेघनाद साहा यांनी दिलेली आहे, हेही येथे स्मरावे.

आता सुवर्ण. मंद वाटेने सुवर्ण फारच थोडे घडते. सूर्यमालेतील सुवर्णाचा नव्वद टक्क्यांहून अधिक आणि रौप्याचा सुमारे तीनचतुर्थांश भाग शीघ्र वाटेचा मानला जातो. या वाटेत न्यूट्रॉनांचा मारा इतका प्रचंड असतो की एका केंद्रास साधारण सेकंदभरात डझनावारी न्यूट्रॉन चिकटतात. स्थिर होण्यास उसंतच मिळत नाही. मारा थांबल्यावर ती फुगलेली केंद्रे भराभर पालटत सुवर्ण, रौप्य, प्लॅटिनम, आयोडीन, युरेनियम यांच्यापाशी विसावतात. एवढे न्यूट्रॉन एकत्र मिळावयाचे कोठे, हा प्रश्न १९५७ नंतर साठ वर्षे भिजत पडला होता. बहुतेकांचा कल अतिनवताऱ्याकडे असे. काहींचे मत असे की दोन न्यूट्रॉन तारे परस्परांभोवती फिरत फिरत एकमेकांवर आदळतात तेव्हा हे घडते. न्यूट्रॉन तारा म्हणजे सूर्याहून अधिक वस्तुमान वीस-पंचवीस किलोमीटर व्यासाच्या गोळ्यात कोंबलेले.

१७ ऑगस्ट २०१७ रोजी अमेरिकेतील दोन लायगो व युरोपातील व्हर्गो या वेधशाळांनी अशा टकरीच्या गुरुत्वीय लहरी टिपल्या. सुमारे १.७ सेकंदांनी फर्मी उपग्रहास गॅमा किरणांची चमक दिसली. काही तासांतच जगभरच्या दुर्बिणींनी ती जागा शोधून काढली : एनजीसी ४९९३ ही दीर्घिका, अंतर सुमारे १३ कोटी प्रकाशवर्षे. पुढील काही दिवसांत तेथील प्रकाश निळसर होता तो तांबूस होत गेला. जड मूलद्रव्यांच्या ढगातून येणारा प्रकाश असाच वागेल, असे भाकीत आधीच केलेले होते. त्या एका टकरीतून पृथ्वीच्या हजारो पट वस्तुमानाची जड मूलद्रव्ये आणि त्यांत पृथ्वीच्या काही पट वस्तुमानाचे सुवर्ण बाहेर फेकले गेले असावे, असा अंदाज करण्यात आला. २०१९ साली त्याच प्रकाशाच्या वर्णपटात स्ट्राँशियम निश्चितपणे ओळखण्यात आले, आणि मार्च २०२३ मध्ये दिसलेल्या दुसऱ्या एका स्फोटात जेम्स वेब दुर्बिणीस टेल्युरियमाची खूण मिळाली. २०१७ च्या घटनेनंतर त्या जागेहून येणाऱ्या रेडिओ लहरींचा मागोवा पुणे जिल्ह्यातील नारायणगावजवळच्या खोडद येथील जीएमआरटी दुर्बिणीनेही घेतला. गुरुत्वीय लहरींची भारतातील वेधशाळा हिंगोली जिल्ह्यातील औंढा येथे उभारण्यास केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये अंतिम मान्यता दिली आहे. औंढा नागनाथाच्या परिसरात नाग-सुवर्णाच्या जन्माचा वेध घेतला जाणार, हा योग शब्दांचा असला तरी आम्हांस मोठा गोड वाटतो.

या टकरी अतिशय दुर्मीळ. आपल्या आकाशगंगेत अतिनवतारा शतकात एक-दोन होत असावेत. न्यूट्रॉन ताऱ्यांच्या टकरी मात्र हजारो वर्षांतून एखादी. दुर्मीळतेची साक्ष रेटिक्युलम-२ या आकाशगंगेभोवतीच्या चिमुकल्या दीर्घिकेने दिली. २०१६ साली तेथील नऊ तेजस्वी ताऱ्यांची तपासणी झाली, तेव्हा सातांत शीघ्र वाटेची मूलद्रव्ये विपुल आढळली. तिच्यासारख्या इतर चिमुकल्या दीर्घिकांत ती जवळजवळ नाहीतच. सतत घडणारी क्रिया असती तर सर्वत्र थोडी थोडी सापडली असती. एकदाच कधीतरी घडले आणि सारा परिसर माखून गेला, असाच याचा अर्थ होतो.

तथापि सर्व सुवर्ण टकरींचेच, असे म्हणण्याची घाई शास्त्रज्ञही करीत नाहीत. आकाशगंगेतील अतिवृद्ध ताऱ्यांतही शीघ्र वाटेची मूलद्रव्ये आहेत, आणि टकरीस तर ताऱ्यांनी आधी जन्मून, मरून, मग दीर्घकाळ परस्परांभोवती फिरावे लागते. इतक्या लवकर ही द्रव्ये कोठून आली? २७ डिसेंबर २००४ रोजी आपल्या आकाशगंगेतील एसजीआर १८०६-२० या अतितीव्र चुंबकीय न्यूट्रॉन ताऱ्यावर एक महाभडका उडाला होता. त्यानंतर काही मिनिटांनी आलेल्या गॅमा किरणांचा अर्थ तेव्हा लागला नाही. २०२५ साली त्या जुन्या नोंदी पुन्हा पाहणाऱ्या संशोधकांनी दाखविले की, भडक्यात उडालेल्या जड, किरणोत्सारी केंद्रांची ती आभा होती. अशा भडक्यांचा आकाशगंगेतील शीघ्र वाटेच्या द्रव्यांत एक ते दहा टक्के वाटा असावा, असा त्यांचा हिशेब आहे.

ताऱ्यांतून उधळलेली ही धूळ वायुमेघांत मिसळली, त्यांतून नवे तारे झाले, तेही मेले, पुन्हा मिसळण. अशा कित्येक आवर्तनांनंतर सुमारे ४५६ कोटी वर्षांपूर्वी सूर्यमाला घडली. पृथ्वी वितळलेली असताना लोह जड म्हणून गर्भाकडे बुडाले आणि लोहाशी सख्य असणारे सुवर्ण, प्लॅटिनम त्यासमवेत खोल गेले. आज खाणीत सापडणारे सुवर्ण बऱ्याच अंशी त्यानंतर कोसळलेल्या अशनींबरोबर आले असावे, असे मत सध्या प्रबळ आहे. आगमन पुरते थांबलेलेही नाही. सागरतळाच्या थरांत लोहाचा ६० भाराचा किरणोत्सारी प्रकार सापडतो, ज्याचे अर्धायुष्य सुमारे २६ लाख वर्षे; म्हणजे तो गेल्या काही दशलक्ष वर्षांतील जवळच्या अतिनवताऱ्याचा पाहुणा. २०२१ साली तशाच थरांत प्लुटोनियमाचे तुरळक अणूही सापडल्याचे प्रसिद्ध झाले.

नागाची कथा येथे एक विलक्षण वळण घेते. पृथ्वीवरील शिशाचा काही भाग ताऱ्यांतून थेट आलेला, तर काही भाग युरेनियम व थोरियम यांचा ऱ्हास होऊन येथेच झालेला. या दोहोंचे प्रमाण मोजून क्लेअर पॅटरसन यांनी १९५६ साली पृथ्वीचे वय सुमारे ४५५ कोटी वर्षे ठरविले. हे मापन करताना त्यांस भलतीच अडचण आली. प्रयोगशाळेत जेथे पाहावे तेथे शिसे! हवेत, पाण्यात, भांड्यांत, धुळीत, स्वतःच्या केसांत. अशनीतील शिसे मोजावयाचे तर आधी हे बाहेरचे शिसे हटविणे भाग होते, म्हणून त्यांनी अत्यंत निर्मळ अशी प्रयोगशाळा उभारली. मग त्यांनी हे शिसे येते कोठून याचाच पाठपुरावा केला आणि १९६५ साली मानवी शरीरातील शिशाचे प्रमाण नैसर्गिक नसून उद्योगांतून, विशेषतः पेट्रोलात घातल्या जाणाऱ्या शिशातून वाढलेले आहे, असे जाहीरपणे मांडले. त्यास मोठा विरोध झाला. पुढे अमेरिकेने टप्प्याटप्प्याने असे पेट्रोल बंद केले. भारतात ते २००० साली बंद झाले. ताऱ्यातील नाग मोजावयास निघालेला मनुष्य रक्तातील नागापर्यंत येऊन पोहोचला. मोजणारे यंत्र दोन्हीकडे एकच होते, आणि अणूही एकच.

आता लोहवेधाची गोष्ट. जिनिव्हाजवळील सर्न येथील महाकाय यंत्रात शिशाची केंद्रे प्रकाशाच्या वेगाच्या निकट पळवितात. दोन केंद्रे एकमेकांस घासून गेली तर क्वचित त्यातून तीन प्रोटॉन निसटतात आणि ८२ चे ७९ होते, म्हणजे नागाचे सुवर्ण. दोनच निसटले तर पारद. २०१५ ते २०१८ या काळात असे सुमारे ८६०० कोटी सुवर्णकेंद्र निर्माण झाल्याचे २०२५ साली प्रसिद्ध झाले. भारात सांगावयाचे तर एका ग्रॅमचे एक लाख कोटी भाग करावे आणि त्यांतील २९ घ्यावे, इतके. आणि तेही क्षणात नळीवर आदळून नष्ट झाले. नागापासून सुवर्ण होते, हे खरे ठरले, परंतु ते घडविणारा अग्नी कोणता, हेही त्याबरोबरच ठरले.

काही उत्साही मंडळी येथे आणखी एक जोड लावतात. रसरत्नसमुच्चयात सुवर्ण, रौप्य, ताम्र व लोह ही शुद्ध लोहे, तर नाग व वंग ही पूतिलोहे. नाग आणि वंग दोन्ही मुख्यतः मंद वाटेची अपत्ये, तेव्हा ग्रंथकारांस ताऱ्यांचे रहस्य अवगत होते, असा निष्कर्ष. आमच्या मते हा ग्रंथकारांचा गौरव नसून अवमान आहे. त्यांनी धातू तापवून, ठोकून, त्याचा गंध व द्रवण पाहून वर्गीकरण केले. ते निरीक्षण स्वतःच्या पायावर उभे आहे, त्यास न्यूट्रॉनाची काठी लागत नाही. शिवाय शुद्ध लोहांपैकी ताम्राचा जन्मही बराचसा मोठ्या ताऱ्यांतील मंद प्रक्रियेचाच आहे, म्हणजे जोड पहिल्याच पायरीवर तुटते.

आरंभीच्या वाक्याकडे येऊ. ‘नाग हा नाग राहत नाही’ याचा आधार म्हणून अपुनर्भव आणि निरुत्थ या परीक्षांचा दाखला दिला जातो. अपुनर्भव परीक्षेत मित्रपंचकासह तापविले असता भस्मातून धातू पुन्हा प्रकट होऊ नये. निरुत्थ परीक्षेत रौप्यासह तापविले असता रौप्याचा भार वाढू नये. या परीक्षा भस्म झालेल्या संयुगाच्या स्थैर्याच्या आहेत आणि त्या उत्कृष्ट आहेत. धातुरूप सुटलेले नाही, एवढे त्या सांगतात. मूलद्रव्य नाहीसे झाले, असे त्या सांगत नाहीत आणि ग्रंथकारांनीही तसे म्हटलेले नाही. किंबहुना धातू पुन्हा उठेल काय, याची चिंता ज्यांनी केली, त्यांस तो आत आहे हे ठाऊकच होते. यशद भस्म हे मुख्यतः झिंक ऑक्साइड, रससिंदूर हे पारदाचे सल्फाइड, तर सुवर्ण भस्म बहुतांशी धातुरूप सुवर्णाचेच अतिसूक्ष्म कण आहेत. रूप, कणमान, संयुग, विद्राव्यता यांत भेद आहेत आणि शरीरातील वर्तन त्यांवर अवलंबून असते, हा मुद्दा आपण ठामपणे व प्रयोगांच्या आधारे मांडावा. तो मुद्दा सबळ आहे. परंतु जे शिसे संयुगातून सुटून रक्तात शोषले जाईल, ते पेट्रोलातून आलेल्या शिशासारखेच वागेल. नागघटित कल्प दीर्घकाळ देणाऱ्या वैद्याने रुग्णाच्या रक्तातील शिसे तपासून घेणे म्हणूनच इष्ट आहे.

हा वाद निव्वळ तात्त्विक राहिलेला नाही, हे औषधी दुकानदार व निर्माते जाणतातच. वर सांगितलेल्या आकाशातील महाभडक्याच्या बारा दिवस आधी, १५ डिसेंबर २००४ रोजी, अमेरिकन वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात बोस्टन परिसरातील दुकानांतून घेतलेल्या ७० आयुर्वेदीय औषधांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांपैकी १४ औषधांत शिसे, पारा किंवा आर्सेनिक आढळले. त्यानंतर केंद्राच्या आयुष विभागाने केवळ वनस्पतिजन्य अशा निर्यातीच्या औषधांसाठी १ जानेवारी २००६ पासून जड धातूंची तपासणी सक्तीची केली. मर्यादा अशा : दशलक्ष भागांत शिसे १०, आर्सेनिक ३, पारा १ आणि कॅडमियम ०.३ भाग. त्या वेळी ‘आमचे धातू शोधित आहेत, यंत्रास ते कळत नाही’ असा युक्तिवाद काही ठिकाणी ऐकू आला. यंत्राची रीत अशी की, ते नमुना आम्लात विरघळविते, ज्वालेत किंवा प्लाझ्मात त्याचे सुटे अणू करते आणि ८२ प्रोटॉनांचे अणू किती, तेवढेच मोजते. संयुग तेथे उरतच नाही. रसौषधीत नाग असणे हे तिच्या पाठातच आहे, ते वेष्टनावर स्पष्ट लिहिले की त्या आकड्याचा खुलासा होतो. परंतु त्रिफळा चूर्णात शिसे निघाले तर शोधनाचा प्रश्नच उद्भवत नाही. ते हरड्या-बेहड्याबरोबर जमिनीतून आले, धुण्याच्या पाण्यातून आले, की दळण्याच्या यंत्राच्या झिजेतून, हे घाऊक मालाच्या प्रत्येक पोत्याचा नमुना वेगळा तपासूनच कळेल. तोवर ती घाणी विक्रीस काढू नये.